एका कर्ण्यावरचे भजन

पेडणे-डिचोलीच्या देवळांतून भजन ऐकणारा माणूस ऐकतो दोन कानांनी, पण त्याच्यापर्यंत ते पोचते बहुधा एकाच कर्ण्यातून. आमच्या करवीरच्या गल्लीबोळांतही उत्सवात याहून निराळे घडत नाही. एवढी साधी गोष्ट हल्लीची ध्वनिमुद्रण करणारी मंडळी विसरत चालली आहेत आणि त्यापायी गाणाऱ्याचा गळाच कापला जात आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शब्द कडक वाटले, तर जे ऐकले ते सांगतो. काही वर्षांपूर्वी पेडणे तालुक्यातल्या एका देवळात दुपारच्या वेळी एका भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण लावले होते. पखवाज दणकून वाजत होता, झांजा होत्या, मागची साथ होती. बुवांचा आवाज मात्र विहिरीच्या तळातून यावा तसा. शेजारच्या गृहस्थांनी तेच भजन मोबाईलला इअरफोन लावून मला ऐकवले. त्यात बुवा उजवीडावीकडे ऐसपैस पसरलेले, आणि गळा काय गोड! म्हणजे बुवा गायले होते उत्तम. देवळात तेवढे पोचले नव्हते.

हे होते कसे? स्टीरिओ मुद्रणात डाव्या आणि उजव्या कानासाठी दोन वेगळे प्रवाह असतात. मोनोत त्या दोहोंची बेरीज होते. एका प्रवाहात लाट वर चढताना दुसऱ्यात तीच लाट तितकीच खाली उतरत असेल, तर बेरीज शून्य. आवाज ‘भव्य’ करण्यासाठी एक बाजू उलटी करण्याची किंवा किंचित उशिराने सोडण्याची युक्ती संगणकावर एका कळीसरशी होते. इअरफोनमध्ये ती फार खुलते आणि कर्ण्यावर दगा देते.

युक्ती न करताही घात होतो. दोन माईक ठेवले आणि गायकापासून एक दुसऱ्यापेक्षा दोन फूट लांब राहिला, तर त्या माईकपाशी आवाज सेकंदाच्या सुमारे पावणेदोन हजारांश भागाने उशिरा पोचतो. बेरीज करताच सेकंदाला २८० कंपनांच्या आसपासचा सूर खचतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा तार षड्ज सुमारे २७७ कंपनांचा असतो! दोन्ही माईकांत आवाज सारख्याच जोराने आला असेल, तर बुवा जेथे सारा जीव ओततात नेमका तोच सूर पोकळ होतो. श्रोते म्हणतात, बुवांचा आवाज आज बसला होता.

ही परीक्षा करण्याची साधने आज फुकट मिळतात. ऑडॅसिटी या संगणकावरील साधनात दोन्ही प्रवाह एकत्र करून ऐकता येतात. वॉक्सेन्गो कंपनीच्या स्पॅनमध्ये दोन बाजूंचा मेळ दाखवणारा मापक आहे: अधिक एक म्हणजे दोन्ही बाजू अगदी सारख्या, शून्य म्हणजे एकमेकींशी संबंध नाही, उणे एक म्हणजे पुरे वैर. काटा क्षणभर उण्यात गेला तर घाबरण्याचे कारण नाही; तेथेच मुक्काम करू लागला तर मात्र काहीतरी बिघडले आहे. परंतु काट्यावर विसंबणेही बरे नव्हे. पखवाज आणि झांजा मधोमध ठाकठीक असल्या की त्यांच्या जोरावर काटा खुशाल अधिकात राहतो आणि उलटा पडलेला गळा त्याखाली झाकून जातो. म्हणून गायकाचा आवाज एकटा तपासावा, मग सगळे मिळून मोनोत करावे आणि कानांनी ऐकावे. शेवटचा न्याय कानाचा.

एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. दर वेळी दोष मुद्रणाचा नसतो. मोबाईलची स्टीरिओ तार काही अँप्लिफायरांच्या माईकसाठी असलेल्या खोबणीत सरळ खुपसली, तर यंत्र दोन बाजूंची बेरीज न करता वजाबाकी करते आणि मग मधोमध बसवलेला गायकच नाहीसा होतो. मांडववाल्याला बोल लावण्यापूर्वी, आणि मुद्रण करणाऱ्यालाही, तार पाहावी.

ज्यांनी स्टीरिओ घडवले त्यांना या गरीब कर्ण्याची आठवण होती, हे मला फार मोठे वाटते. अॅलन ब्लमलाईन या इंग्रज अभियंत्याने १९३१ साली स्टीरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढे १९५८ च्या सुमारास स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या, तेव्हा चरीची आडवी हालचाल म्हणजे दोन्ही बाजूंची बेरीज आणि उभी हालचाल म्हणजे त्यांतला फरक, अशी योजना होती. १९६१ मध्ये अमेरिकेत स्टीरिओ रेडिओ मान्य झाला, तोही बेरीज आधी आणि फरक वेगळा, या रीतीनेच. ज्याच्या घरी जुना रेडिओ त्यालाही पुरे गाणे मिळावे, हा त्यातला हेतू. आमच्या अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या, गोमंतकाच्या केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी एकाच प्रवाहात मुद्रित झालेली. १९७७ मध्ये ती व्हॉयेजर यानांवरून अंतराळात गेली. एकपदरी मुद्रणाने तिचे काही बिघडले नाही.

पेडणे, डिचोली हे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीस सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेले. राज्य बदलले तरी देवळांतले मराठी अभंग आणि रात्र जागवणारा दशावतार राहिला. आज तेथली तरुण मुले स्वतःच्या खर्चाने वडीलधाऱ्या बुवांचे गाणे मुद्रित करतात. त्यांचे कौतुकच आहे. म्हणूनच सांगावेसे वाटते. गोव्याच्या कला अकादमीने भजनी स्पर्धेतून खेडोपाडीच्या मंडळांना व्यासपीठ दिले आहे. जी संस्था वा जे देवस्थान मुद्रणाला पैसा देईल, त्याने मोनो प्रत ऐकल्याखेरीज बिल चुकते करू नये.

आणि मूळ मुद्रण, प्रत्येक माईकचे वेगवेगळे, जपून ठेवावे. ते हाती असले तर उलटी बाजू सुलटी करता येते, उशीर भरून काढता येतो. दोन्ही प्रवाह एकदा मिसळून तेवढीच प्रत मागे ठेवली, तर बेरजेत बुडालेला आवाज कोणत्याही यंत्राने पूर्ववत काढून मिळत नाही. आणि तोवर बुवा पुन्हा गायला असतीलच असे नाही.