दुसऱ्याच्या ओंजळीनं किती दिवस?

मंडळी, आपल्या अल मजाजमध्ये भाड्याचं घर घेताना आपण किती चौकस असतो! करार दोनदा वाचतो, चेक किती द्यायचे यावर घासाघीस करतो, पार्किंगची चौकशी करतो आणि बलदियाचा शिक्का बसेपर्यंत स्वस्थ बसत नाही. घर आपलं नाही, मालकाचं आहे, हे पक्कं ठाऊक असतं म्हणून. पण बाळाच्या बारशाचे फोटो, आजीच्या आवाजातल्या ओव्या, गणेशोत्सवातल्या नाटकाचं चित्रण आणि मंडळाच्या जुन्या स्मरणिका मात्र आपण एका अनोळखी मालकाच्या घरी नेऊन ठेवतो. करार न वाचता ‘मान्य आहे’वर बोट दाबतो आणि ‘क्लाउडवर आहे हो सगळं’ असं म्हणून निर्धास्त होतो. माझं भांडण आहे ते या निर्धास्तपणाशी.

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचा कॉम्प्युटर, यापलीकडे काही नाही. मालक घर रिकामं करायला सांगतो तेव्हा काय होतं, हे आपण एकदा नव्हे, अनेकदा पाहिलं आहे. ज्या जिओसिटीजवर लोकांनी हौसेनं आपली पहिलीवहिली पानं बांधली, ते अमेरिकेत ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झालं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी मिटलं. याहू ग्रुप्सनं २०१९ च्या ऑक्टोबरात जुने संदेश, फोटो आणि फायली काढून टाकणार असल्याचं जाहीर केलं, आणि डिसेंबर २०२० मध्ये दुकानच बंद केलं. सूचना दिली होती, मुदतही दिली होती. पण मुदतीत सामान हलवायचं कसं, हे किती जणांना ठाऊक होतं?

ज्यांना ठाऊक होतं, त्यांनी हलवलं. जिओसिटीज बंद होणार म्हटल्यावर जगभरच्या स्वयंसेवकांनी रात्रंदिवस खपून त्यातली असंख्य पानं उतरवून घेतली. त्यांच्या हाती कुठलं महागडं यंत्र नव्हतं. होतं ते वीगेटसारखं फुकट साधन: काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची, पत्ता द्यायचा आणि एंटर दाबायचं, की त्या पत्त्यावरचा माल आपल्या घरी.

याच घराण्यातलं दुसरं साधन म्हणजे कर्ल. त्याची जन्मकथा आपल्यासारख्या पैसे पाठवणाऱ्यांना आवडेल अशी आहे. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांना १९९६ च्या सुमारास गप्पांच्या एका चॅनेलवर चलनांचे ताजे दर आपोआप दाखवायचे होते. ते दर इंटरनेटवरून आणण्यासाठी त्यांनी ब्राझीलच्या राफाएल सागुला यांचा एक छोटा प्रोग्रॅम घेतला आणि तो वाढवत नेला. २० मार्च १९९८ रोजी तो कर्ल या नावानं बाहेर आला. आज तो मोटारींत, टीव्हीत, मोबाइलमध्ये आहे. मंगळावर उडालेल्या इंजेन्युइटी हेलिकॉप्टरच्या कामातही तो होता. आणि तो तुमच्या घरीही आहे! २०१८ पासून विंडोज १० मध्ये तो आयताच येतो, मॅकमध्ये तर त्याही आधीपासून. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

वापरायचा कसा? कमांड प्रॉम्प्टची खिडकी उघडा. इंग्रजीत कर्ल लिहा, जागा सोडून एक आडवी रेघ आणि तिला चिकटून मोठा ‘ओ’, पुन्हा जागा सोडून फाइलचा पूर्ण पत्ता. झालं. नव्वद टक्क्यांवर लाइन तुटली, तर त्याच ओळीत कर्लपुढे रेघ, तिला चिकटून मोठा ‘सी’ आणि जागा सोडून आणखी एक सुटी रेघ घाला. पलीकडच्या सर्व्हरची तयारी असेल, तर उरलेले दहा टक्केच येतात. जुन्या स्मरणिकेची पानं एक ते शहाण्णव अशा क्रमानं वेगवेगळी चढवली असतील, तर पत्त्यात आकड्याच्या जागी चौकोनी कंसात १-९६ लिहा (आकडे मात्र इंग्रजी). शहाण्णव वेळा माऊस दाबण्याचं काम एका ओळीत उरकतं. पासवर्डाआडचे फोटो असे थेट येत नाहीत. तिथे आधी त्या कंपनीकडे आपल्या माहितीचं गाठोडं मागावं लागतं, आणि बहुतेक मोठ्या कंपन्या ते देतात. फक्त उतरवायचं ते आपलं स्वतःचं किंवा ज्याला मोकळी परवानगी आहे तेवढंच. इथले कायदे कडक आहेत, आणि चोरी ती चोरीच.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे ‘ही आयटीवाल्यांची कामं, आमची नव्हेत.’ का बरं? चपाती लाटायला आपण हॉटेलचे आचारी नसतो, आणि दिवाळीचा फराळ परदेशात शिकलेल्या बायका-पुरुषांची तर आपल्याकडे फौज आहे. एक ओळ टाइप करणं चकलीच्या सोऱ्यापेक्षा खचित सोपं आहे. दुसरं उत्तर, ‘व्हॉट्सअ‍ॅपवर आहेच की.’ तिथे पाठवलेला फोटो एरवी आकारानं आणि दर्जानं घटवूनच पोचतो. नातवंडांनी मोठा करून पाहिला, तर पणजीच्या नथीचे मोती मोजता येतील का?

आणि एकट्या घरातली प्रतही पुरत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं. १६ एप्रिल २०२४ ला या वाळवंटात १९४९ पासूनच्या नोंदींतला सर्वांत मोठा पाऊस झाला, आणि शारजाच्या कित्येक रस्त्यांवर पाणी दिवसेंदिवस साचून राहिलं. पण दोन्ही घरं एकाच दिवशी बुडत नाहीत. म्हणून एक प्रत इथे आणि एक गावाकडे हवी. त्यासाठी आरसिंक नावाचं १९९६ पासूनचं साधन आहे. ते दर वेळी सगळा डेटा वाहून नेत नाही, बदललेलं तेवढंच पाठवतं. दोन्हीकडे थोडी जुळवाजुळव लागते, पण ती एकदाच.

कार्यकारिणीलाही दोन शब्द ऐकवतो. दरवर्षी समिती बदलते, वेबसाइटचं वार्षिक शुल्क भरायचं कुणाच्या तरी हातून राहतं, आणि वीस वर्षांच्या स्मरणिका एका रात्रीत अदृश्य होऊ शकतात. हिशेबतपासनीस नेमता, तसा एक सदस्य या ठेव्यासाठी नेमा. छपाईला जाणाऱ्या प्रत्येक स्मरणिकेची पीडीएफ तीन वेगवेगळ्या घरी उतरवली गेली, हे त्यानं वार्षिक सभेत सांगावं. शारजात शुक्रवारचीही सुट्टी असते. एका शुक्रवारी सकाळी मुलांना लॅपटॉप घेऊन बोलवा. त्यांना मराठी बाराखडीबरोबर ही एक ओळही शिकवा, आणि पहिलं काम द्या: आपल्या मंडळाचे जुने अंक उतरवून आणण्याचं. त्यातल्या एखाद्या पानावर त्यांना आपल्याच आईबाबांचा तरुणपणीचा फोटो सापडेल.

आपला हात जगन्नाथ, मंडळी. दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी प्यायची सवय आता सोडूया. हा अंक हाती पडेल त्याच आठवड्यात निदान एक फाइल घरी आणा.