जिल्ह्याची सरासरी आणि चुनखडीचा पट्टा

नियोजनासाठी देशाचे आर्थिक प्रदेश कोणत्या आधारावर पाडावेत, या प्रश्नाला महाराष्ट्रात रूढ झालेले उत्तर असे की, जिल्हा हेच नियोजनाचे एकक मानावे आणि जिल्ह्यांच्या वर विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र असे तीन विभाग असावेत. या मताच्या बाजूने जे सांगितले जाते ते हलके नाही. जिल्ह्याला जिल्हाधिकारी असतो, कोषागार असते, जिल्हा परिषद असते, आणि 1998 च्या कायद्याने जिल्हा नियोजन समितीही आली. याउलट अभ्यासकांनी आखलेल्या आर्थिक प्रदेशाला ना तिजोरी असते ना मतदार. पी. सेनगुप्ता आणि गालिना सद्स्युक यांनी भारताच्या आर्थिक प्रदेशीकरणाचा सविस्तर आराखडा 1968 साली मांडला, तो जनगणना खात्याने प्रसिद्धही केला. पण अंदाजपत्रकातील रक्कम त्या आराखड्यानुसार कधी वाटली गेली नाही. तेव्हा असे प्रदेश म्हणजे भूगोलाच्या प्राध्यापकांची हौस, असा निष्कर्ष काढला जातो.

हा निष्कर्ष ज्या गृहीतावर उभा आहे ते म्हणजे जिल्ह्याचे स्थैर्य, आणि चंद्रपूरच्या पश्चिम टोकाला असलेल्या कोरपना तालुक्यापुरते तरी ते खरे नाही. हा मुलूख पूर्वी राजुरा तालुक्यात होता. राजुरा निजामी राजवटीत आदिलाबाद जिल्ह्यात होते, 1956 च्या राज्यपुनर्रचनेत ते नांदेडला जोडले गेले आणि 1959 मध्ये चांद्याकडे, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडे, आले. पुढे 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली वेगळे होऊन चंद्रपूर जिल्हाच बदलला. या काळात माणिकगडाचे डोंगर हलले नाहीत, पैनगंगेने पात्र सोडले नाही, बदलली ती केवळ कचेरी. प्रशासनाच्या सोयीसाठी आखलेली रेषा आर्थिक वास्तवाची सीमा ठरवते, असे म्हणणे म्हणजे कार्याला कारण समजणे होय.

दुसरा आक्षेप आकडेवारीचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1984 च्या अहवालात 'अनुशेष' मोजला, म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षा एखादा जिल्हा रस्ते, सिंचन, आरोग्य आदी बाबींत किती मागे आहे हे पैशात मांडले. तोवर केवळ तक्रार असलेल्या गोष्टीला त्यामुळे हिशेबाचे रूप मिळाले, हे तिचे श्रेय कोणी नाकारू नये. परंतु एकक जिल्हा असल्यामुळे जिल्ह्याच्या पोटातील विषमता त्या हिशेबात शिरू शकत नाही. चंद्रपूर जिल्ह्याच्या उत्पन्नात महाऔष्णिक वीज केंद्र, वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या (वेकोलि) कोळसा खाणी, बल्लारपूरचा कागद कारखाना आणि गडचांदूर, आवारपूर, उपरवाही येथील सिमेंट कारखाने यांचा वाटा मोठा आहे; त्याच जिल्ह्यात ब्रह्मपुरी, नागभीडकडे तलावांवर पोसलेली धानशेती आहे, आणि सिमेंटच्या धुराड्यांपासून फार दूर नसलेल्या डोंगरांत कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे छोट्या वस्त्या, आहेत. या साऱ्यांची सरासरी काढली की जो आकडा येतो, त्या आकड्याचा माणूस जिल्ह्यात कुठेच राहत नाही.

प्रदेशविज्ञानात तीन प्रकारचे प्रदेश मानले जातात: ज्यात जमीन, पाऊस, पीक असा एखादा गुण सर्वत्र सारखा आढळतो तो एकजिनसी प्रदेश, ज्यात बाजार, कारखाना किंवा शहर यांच्याभोवती माणसे आणि माल फिरतो तो केंद्रानुवर्ती प्रदेश, आणि एखादा निश्चित प्रश्न सोडवण्यासाठी आखलेला तो नियोजन प्रदेश. विदर्भाला एकजिनसी समजून त्यासाठी एकच मंडळ नेमणे ही 1994 च्या वैधानिक विकास मंडळांतील मूळची उणीव होती. त्या मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली, तरी उणीव दूर झाली असे नाही.

कोरपन्याचा खरा आर्थिक प्रदेश चुनखडीने आणि कोळशाने आखलेला आहे. चुनखडीचा पट्टा गडचांदूर, आवारपूरहून पैनगंगा ओलांडून झरी जामणी तालुक्यातील मुकुटबनकडे जातो, जिथे 2022 मध्ये नवा सिमेंट कारखाना सुरू झाला. दक्षिणेला तोच तेलंगणात उतरतो. वर्धा खोऱ्यातील कोळसा राजुऱ्याकडे आहे तसाच वणीकडेही आहे. म्हणजे एकाच उद्योगसाखळीचे तुकडे महाराष्ट्रातच दोन जिल्ह्यांत, नागपूर व अमरावती अशा दोन महसुली विभागांत आणि दोन राज्यांत विखुरले आहेत.

यावर असे म्हटले जाईल की, सीमा ओलांडणारा प्रदेश चालवणार कोण? पण सीमा सोडून विचार करणे शासनाला अपरिचित नाही. खाणबाधितांसाठी 2015 च्या कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली, आणि त्यांच्या निधीबाबत जानेवारी 2024 मध्ये सुधारलेल्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी खाणीपासून 15 किलोमीटरपर्यंतचे क्षेत्र प्रत्यक्ष बाधित आणि 25 किलोमीटरपर्यंतचे अप्रत्यक्ष बाधित मानले. धूळ आणि ट्रक जिल्ह्याची हद्द विचारत नाहीत, हे येथे शासनानेच मान्य केले. शिवाय तिजोरी नाही म्हणून प्रदेश अव्यवहार्य, हा युक्तिवाद उलटाच आहे. तिजोरी निसर्गाने दिलेली नसते, ती कायद्याने द्यावी लागते, जशी दामोदर खोरे महामंडळाला 1948 मध्ये दिली गेली.

जिल्हा मोडावा असा याचा अर्थ नाही. जिल्ह्याने शाळा, दवाखाने, ग्रामीण रस्ते सांभाळावेत. मात्र खनिज, पाणी, मालवाहतूक आणि खाणीनंतरच्या जमिनीचे काय करायचे, या चार बाबींसाठी राजुरा, कोरपना, जिवती, वणी, मारेगाव व झरी जामणी हे तालुके मिळून एक नियोजन प्रदेश व्हावा, त्याला खनिजाच्या उत्पन्नातून ठरावीक वाटा मिळावा, आणि त्याचे आकडे तालुकावार जाहीर व्हावेत. तेलंगणाच्या बाजूसाठी आंतरराज्य मंडळ लागेल. चनाखा-कोरटा बंधाऱ्यासाठी महाराष्ट्र आणि तेलंगणा यांनी 23 ऑगस्ट 2016 रोजी करार केला. पैनगंगेच्या पाण्यासाठी जी दोन राज्ये एकत्र बसू शकली, त्यांना तिच्या काठच्या चुनखडीसाठी बसता येणार नाही, हा दावा टिकणारा नाही.