विस्तवाची राखण

मुलांच्या हाती खेळयंत्र दिसले की घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. पडद्यावर चित्रविचित्र प्राणी एकमेकांवर ज्वालांचे व पाण्याचे लोट सोडीत असतात, मूल भान हरपून पाहत असते आणि पाहणाऱ्यास वाटते की, येथे दांडगाईवाचून दुसरे काही नाही. हा समज अगदीच निराधार नसला तरी अपुरा आहे. पोकेमॉन या खेळाचा जोडीने लढण्याचा जो स्पर्धात्मक प्रकार आहे, त्यात बळाइतकीच विवेकाचीही कसोटी लागते; आणि ती सर्वांत स्पष्ट दिसते अग्निगुणी पात्राच्या बाबतीत.

या खेळाचा जन्म जपानमधला. सातोशी ताजिरी यांना बालपणी कीटक गोळा करण्याचा छंद होता. टोकियोलगतच्या माचिदा भागात वस्ती वाढली, तशी शेते व तळी नाहीशी होत गेली. आपल्या वाट्याला आलेला तो शोधाचा आनंद पुढच्या मुलांनाही लाभावा, या ओढीतून या खेळाची कल्पना आकारास आली आणि 27 फेब्रुवारी 1996 रोजी त्याची पहिली आवृत्ती जपानमध्ये प्रसिद्ध झाली. पुढे त्याच्या अधिकृत स्पर्धा सुरू झाल्या, आणि त्यांच्या जागतिक पातळीवरील सामन्यांत जोडीचीच पद्धत रुजली.

ही पद्धत थोडक्यात अशी आहे. प्रत्येक खेळाडू सहा पात्रांचा संघ घेऊन येतो. समोरचा संघ पाहून त्यांतील चार पात्रे निवडतो आणि त्यांपैकी दोन एका वेळी मैदानात उतरवतो. दोन्ही खेळाडू आपापल्या चाली गुप्तपणे ठरवतात. त्यासाठी अवघे 45 सेकंद मिळतात. मग ज्याची गती अधिक, त्याची चाल आधी, या क्रमाने फेरी पार पडते. येथे कोणतेही पात्र मरत नाही. प्राणबळ संपले की ते मूर्च्छित होऊन बाजूला होते. एकास एक अशा लढतीत जो बलाढ्य ठरतो, तो जोडीच्या लढतीत टिकेलच असे नाही, कारण येथे दोघे मिळून एकावर तुटून पडू शकतात.

नवखे मूल बहुधा अग्निगुणी पात्राकडे ओढले जाते. त्यात नवल नाही. अग्नीपुढे वनस्पती, हिम, कीटक आणि पोलाद हे चारही गुण दुबळे पडतात. परंतु पाणी, भूमी आणि पाषाण या तिघांचे प्रहार अग्नीवर दुप्पट परिणाम करतात, आणि हे तीनही गुण स्पर्धेत वरचेवर भेटतात. म्हणून ‘सर्वांत दाहक पात्र पुढे करावे आणि समोरचे सारे जाळून टाकावे’ हा बेत दोन-तीन फेऱ्यांतच धुळीस मिळतो. मूल हिरमुसते, यंत्राला दोष देते, कधी ते आपटतेही. आपले सर्वांत बलवान पात्र सर्वांत आधी का पडले, हे त्याला कळलेले नसते.

या प्रश्नाचे उत्तर टॉर्कोल नावाच्या एका कासवात सापडते. पाठीच्या कवचात कोळसा जाळणारे हे अग्निगुणी कासव 2002 साली खेळात आले. त्याच्या गतीचा मूळ अंक केवळ 20 आहे. ड्रॅगापल्ट या चपळ पात्राचा तोच अंक 142 आहे, एवढे सांगितले म्हणजे या कासवाच्या संथपणाची कल्पना येईल. अनेक वर्षे त्याला फारसे कोणी विचारीत नव्हते. 2016 मध्ये आलेल्या आवृत्तीत त्याला एक नवी सिद्धी मिळाली: ते मैदानात येताच पाच फेऱ्यांपुरते प्रखर ऊन पडते. उन्हात अग्नीचा प्रहार दीडपट होतो आणि पाण्याचा निम्म्यावर येतो. अग्नीचा मोठा वैरी अशा रीतीने ऊन पडताच अर्धा होतो.

त्याचे मुख्य अस्त्र म्हणजे ‘इरप्शन’, अर्थात ज्वालामुखीचा उद्रेक. प्राणबळ पूर्ण असताना या प्रहाराचा जोर 150 असतो. तो दोन्ही प्रतिस्पर्ध्यांवर एकाच वेळी पडतो आणि अशा विभागलेल्या प्रहाराचा जोर तीन-चतुर्थांश धरला जातो, म्हणून तो 112.5 वर येतो. अग्निगुणी पात्राने अग्नीचाच प्रहार केला तर दीडपट लाभ मिळतो. तेव्हा तो सुमारे 169 होतो. ऊन असेल तर सुमारे 253. प्रतिस्पर्ध्याने पेलिपर नावाचा पक्षी आणून पाऊस पाडला असेल, तर तोच आकडा सुमारे 84. पात्र तेच, अस्त्र तेच; आकाश बदलताच बळात तिप्पट अंतर पडते.

येथे संथपणाचा पहिला उपयोग दिसतो. सामन्याच्या आरंभी टॉर्कोल व पेलिपर एकाच वेळी उतरले, तर अधिक गतिमान पेलिपरची सिद्धी आधी प्रकटते आणि संथ टॉर्कोलची नंतर. नंतर आलेले ऊन आधीच्या पावसाला हटवते. मागे राहिलेल्याचाच शब्द अखेरचा ठरतो.

मात्र उद्रेकाचा एक कठोर नियम आहे. त्याचा जोर उरलेल्या प्राणबळाच्या प्रमाणात घटत जातो. निम्मे प्राणबळ गेले की 150 चे 75 होतात. चौथा हिस्सा उरला की त्या अस्त्रात धूर तेवढा राहतो. म्हणजे प्रतिस्पर्ध्याने या कासवाला मूर्च्छित करण्याचीही गरज नाही. त्याला आधी दोन साधे फटके बसले की काम झाले. जाणता खेळाडू यासाठी ‘हीट वेव्ह’ हा दुसरा अग्निप्रहारही जवळ ठेवतो. त्याचा जोर कायम 95 असतो, पण दहांतून एकदा तो हुकतो. प्राणबळ 63 टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत उद्रेक वरचढ, त्याखाली उष्ण लाट वरचढ. 45 सेकंदांत हा हिशेब मनात मांडणारे मूल केवळ बटणे दाबीत नसते.

तेव्हा खरा प्रश्न असा की, या कासवाला अक्षत कसे राखावे आणि इतरांच्या आधी चाल कशी मिळवून द्यावी? येथून पुढची सारी कथा सोबत्यांची आहे.

‘ट्रिक रूम’ नावाची एक युक्ती आहे. तिने पाच फेऱ्यांपुरता गतीचा क्रम उलटा होतो; सर्वांत संथ तो सर्वांत आधी. पण ही युक्ती ज्या फेरीत योजली जाते, त्या फेरीत ती सर्वांच्या शेवटी फळास येते, आणि तोवर योजणाऱ्याला तग धरावा लागतो. हॅटरीन नावाचे पात्र ही जबाबदारी उचलते आणि तिच्या शेजारी इंडीडी उभी राहते. इंडीडी मैदानात येताच तिच्या सिद्धीने भूमी अशी भारली जाते की, जमिनीवर उभ्या असलेल्यांवर क्रम मोडून आधी येणारे प्रहार चालत नाहीत. त्यामुळे ‘फेक आउट’सारखा, समोरच्याला दचकवून त्याची चाल हिरावणारा डाव निष्फळ होतो. मग इंडीडी ‘फॉलो मी’ ही युक्ती योजते आणि एकेकावर रोखलेले सारे प्रहार स्वतःकडे ओढून घेते. दोघांवर एकदम पडणारे प्रहार मात्र तिला ओढून घेता येत नाहीत. या संरक्षणाला ही मर्यादा आहे.

आता हिशेब पाहण्यासारखा आहे. पाचांपैकी पहिली फेरी युक्ती योजण्यातच जाते, उरतात चार. दुसऱ्या फेरीत कोणाला मागे घेऊन टॉर्कोलला पुढे आणले, तर ती फेरी प्रवेशात खर्च होते, आणि आत येतानाच फटके बसून उद्रेकाचा जोरही घटू शकतो. उरतात तीन. परंतु पहिल्या फेरीत सारे प्रहार झेलून इंडीडी मूर्च्छित झाली, तर तिच्या जागी टॉर्कोल एकही फेरी न दवडता, पूर्ण प्राणबळानिशी उभे राहते आणि चारही फेऱ्या त्याच्या वाट्याला येतात. इंडीडी टिकली, तर हॅटरीनला मागे घेता येते. मग इंडीडी ‘हेल्पिंग हँड’ योजून कासवाचा प्रहार आणखी दीडपट करते. पडूनही ती उपयोगी, उभी राहूनही उपयोगी. सामना संपल्यावर मात्र सर्वांच्या ओठी नाव असते ते कासवाचे.

समोरचाही काही स्वस्थ बसत नाही. ‘वाइड गार्ड’ ही ढाल पुढे झाली की दोघांवर पडणारा उद्रेक वाया जातो. काही पात्रांत अग्नी पचवून स्वतःचाच अग्निप्रहार वाढवण्याची सिद्धी असते. त्यांच्यावर आंधळेपणाने ज्वाला फेकणारा शत्रूच्या चुलीत आपलेच सरपण घालतो. शिवाय ‘लाव्हा प्लूम’सारखा अग्निप्रहार शत्रूंबरोबर शेजारच्या सोबत्यालाही भाजतो. तो योजायचा तर सोबत्याने त्या फेरीत ‘प्रोटेक्ट’ या संरक्षक युक्तीमागे उभे राहिले पाहिजे. स्वतः टॉर्कोललाही अनेकदा हाच मार्ग धरावा लागतो. दोन्ही शत्रू आपल्यावर चालून येणार असा अंदाज असेल, तर चार मौल्यवान फेऱ्यांपैकी एक फेरी काहीही न जाळता केवळ स्वतःला राखण्यात घालवावी लागते. नवख्याला ही फेरी वाया गेलेली वाटते. मुरलेला खेळाडू जाणतो की, त्या फेरीत शत्रूंचे दोन प्रहार वाया गेले आणि सोबत्याला मोकळा हात मिळाला.

सोबत्याच्या या मोलाची साक्ष जागतिक स्पर्धेच्या इतिहासातही आहे. 2014 साली वॉशिंग्टन येथे दक्षिण कोरियाचे से जुन पार्क विश्वविजेते झाले, तेव्हा त्यांच्या संघात पाचिरिसू नावाची एक चिमुकली, कोणाच्या खिजगणतीत नसलेली खार होती. ती विजेचे प्रहार शोषून घेते. जलगुणी ग्याराडोस हे पार्क यांचे बलाढ्य पात्र, आणि त्याला विजेचे भय मोठे. ‘फॉलो मी’ योजून ते प्रहार ती खार आपल्याकडे ओढी व सोबत्याला निर्धास्त करी. तेथे पाण्याची राखण होती, येथे अग्नीची आहे, सूत्र एकच.

पूर्वी रात्री चूल विझवताना घरातील स्त्री निखारा राखेखाली जपून ठेवी. सकाळी त्यावर फुंकर घातली की घराचा स्वयंपाक होई. त्या काळी विस्तव पेटवण्याइतकेच तो राखणेही महत्त्वाचे मानले जाई, आणि ते काम करणाऱ्या हाताकडे फारसे कोणाचे लक्ष जात नसे. जोडीच्या या खेळात अग्निगुणी पात्र हाती घेणाऱ्या मुलाला नेमके हेच शिकावे लागते: ज्वाला केव्हा सोडावी, केव्हा आवरावी आणि ती अक्षत राहावी म्हणून कोणी काय सोसले.

पालकांनी खेळाच्या वेळेला मर्यादा अवश्य घालावी. ते त्यांचे कर्तव्यच आहे. परंतु सामना संपल्यावर ‘जिंकलास की हरलास’ एवढेच विचारून थांबू नये. ‘कासवाशेजारी कोण उभे होते, आणि पहिल्या फेरीत त्याने काय केले?’ असेही विचारावे. पराभवाने हिरमुसलेले मूल या प्रश्नाने पुन्हा विचार करू लागते. आणि जिंकलेल्या मुलाला, ज्याचे नाव कोणी घेतले नाही त्या पात्राचे स्मरण होते.