कुंचला ओठांत नको

इंग्लंडमध्ये सॅक्सन, व्हायकिंग योद्ध्यांचे जेमतेम इंचभर उंचीचे धातूचे सैनिक रंगवून टेबलावर लढाया खेळण्याचा छंद जुना आहे. छंद चांगला, माझी तक्रार एका खोडीबद्दल. ढालीवरची नक्षी काढताना टोक यावे म्हणून पुष्कळजण कुंचला ओठांत फिरवतात. 'पाण्यातला रंग, चालतो' हे समर्थन मला पटत नाही. काही रंगांत कॅडमियम असते. १९२० च्या दशकात अमेरिकेत घड्याळाच्या तबकड्या रंगवणाऱ्या कित्येक मुली याच सवयीने रेडियम पोटात जाऊन दगावल्या. शिवाय जुन्या सैनिकांच्या धातूत शिसे असे. कानशीने घासताना त्याची पूड उडते, ती लहान मुलांच्या मेंदूला फार घातक. जेवणाच्या टेबलावर हे काम नकोच. नंतर ओल्या फडक्याने पुसावे, हात साबणाने धुवावेत. कुंचल्याला टोक ओल्या फडक्यावरही येते. दिवाळीत किल्ल्यावरचे मावळे रंगवणाऱ्या आपल्या पोरांनाही तेवढे दाखवून ठेवा.