हसनाबादकरांनो, यंदा जलदुर्ग पाहायला चला



तुरी झाल्या की, गव्हाच्या सोंगणीआधी, जानेवारीअखेर कोकणातल्या जलदुर्गांची सहल काढायचे आम्ही काही गावकऱ्यांनी ठरवले आहे. अलिबागचा कुलाबा, मुरूडचा जंजिरा, मालवणचा सिंधुदुर्ग. सोबत इतिहासाचा जाणकार घेणार आहोत. तो नसेल तर फोटो काढून, मासे खाऊन माणूस परत येतो आणि किल्ला पाहायचा राहूनच जातो.

आपला आणि समुद्राचा काय संबंध, असे कुणी विचारील. भोकरदन म्हणजे जुने भोगवर्धन. तिथल्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा अवशेष मिळाला; तशाच घडणीची मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेईच्या राखेखाली निघाली. सातवाहनकाळी अशा दूरदेशांशी होणारा इथला व्यापार पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून चाले. आणि १६७९ साल घ्या. खांदेरी बेटासाठी मराठा आरमाराचे मायनाक भंडारी आणि दौलतखान इंग्रजांशी झुंजत होते, त्याच हिवाळ्यात शिवाजी महाराज जालन्यावर चालून आले होते. २०२५ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे, सिंधुदुर्गही आहे.

सिंधुदुर्गाचे काम १६६४ साली कुरटे बेटावर सुरू झाले. पायाचे दगड शिसे ओतून बसवले. चहूकडे खारे पाणी, आणि तटाच्या आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. टँकरपाशी हंडे घेऊन ताटकळलेल्या आपल्या बायकांनी या विहिरींत वाकून पाहिलेच पाहिजे. त्या पाण्याचे मोल त्यांच्याइतके कुणाला कळणार? म्हणून पहिली नावे बायकांची घेऊ. घरच्या पुरुषांनी चार दिवस गुरांचे शेणपाणी सांभाळावे.

जंजिरा सिद्दीकडून मराठ्यांना कधीच जिंकता आला नाही. तेही तिथे उभे राहून ऐकू. कुलाब्याला ओहोटीत चालत जाता येते, भरती चढली की वाट पाण्याखाली जाते. तेव्हा वाटाड्याने चला म्हटले की निघायचे. होडीत चढता-उतरताना म्हाताऱ्यांचा हात तरुणांनी धरायचा.

खर्च सगळ्यांत सारखा वाटू. ज्यांना एकदम जमत नाही त्यांनी कापूस विकल्यावर द्यावा. ज्या घरी तेही अवघड आहे, त्यांचा वाटा बाकीच्यांनी मिळून उचलावा, अशी कळकळीची विनंती आहे. नावे मात्र या पंधरवड्यात, रोज संध्याकाळी पारावर येऊन द्या. त्यावरच गाडी ठरवायची आहे.

आपले,
सहलीची तयारी करणारे गावकरी
हसनाबाद, ता. भोकरदन, जि. जालना