मडगार्डाचे औचित्य

'सुंदर' आणि 'उपयुक्त' या दोन शब्दांमध्ये मराठी समीक्षेने फार पूर्वी एक भिंत घातली. १९३० नंतरच्या काळात ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावांभोवती जो 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा वाद रंगला, तो आम्ही स्वतः विद्यार्थी म्हणून शिकलो आणि पुढे वर्षानुवर्षे शिकवला. दोन्ही पक्षांचे मुद्दे लिहावेत, शेवटी 'समन्वय साधणे आवश्यक आहे' असे एक वाक्य घालावे आणि दहापैकी सहा गुण घ्यावेत, अशी त्याची रीत ठरून गेली आहे. या वादाकडे पाहण्याची आमची दृष्टी अलीकडच्या काही पावसाळ्यांत बदलली. त्याला एखादा नवा ग्रंथ कारण झाला असता तर सांगायला बरे वाटले असते. प्रत्यक्षात कारण झाले ते माउंटन बाइकचे मडगार्ड. हे वाचून काही वाचक हसतील. त्यांनी जरूर हसावे, परंतु शेवटपर्यंत वाचावे.

आम्ही माउंटन बाइक घेतली ती महाविद्यालयात जाण्यायेण्यासाठी आणि रविवारी दोन-तीन सहकाऱ्यांसह मावळातल्या नाहीतर मुळशीकडच्या कच्च्या वाटा धुंडाळण्यासाठी. 'मडगार्ड लावून देऊ का?' असे दुकानदाराने विचारले तेव्हा आम्ही ठामपणे नको म्हणालो. रुंद खरबरीत टायर, उघडे चाक, त्यावरची मोकळी जागा, ही सगळी रेषा मडगार्डाने बिघडेल असे आम्हांला वाटले. खरे सांगायचे तर मडगार्ड म्हटले की दोन्ही बाजूंना किटल्या लटकवलेली दूधवाल्याची काळी सायकल आमच्या डोळ्यांसमोर येई. मग जुलै आला. एम. ए.च्या वर्गात त्या दिवशी क्षेमेंद्राची 'औचित्यविचारचर्चा' होती. फळ्याकडे वळून आम्ही 'औचित्य' हा शब्द लिहिला आणि मागे खसखस पिकली. आमच्या शर्टावर कमरेपासून मानेपर्यंत चिखलाचा पट्टा उमटला होता. अकराव्या शतकातल्या त्या काश्मिरी आचार्याला अनौचित्याचे याहून चांगले उदाहरण मिळाले नसते.

तास संपल्यावर मराठवाड्यातला एक विद्यार्थी थांबला. 'सर, मडगार्ड बसवून घ्या,' तो म्हणाला, आणि लगेच त्याने पुस्ती जोडली, 'पण आमच्याकडं उलटं असतंय. पाऊस लागला की गाडीचं पुढचं मडगार्ड काढून ठेवतात. काळ्या रानातला चिखल आत गच्च बसतो, मग चाकच फिरत नाही.' एकाच वस्तूविषयी एकाच दमात दिलेले हे दोन सल्ले आमच्या मनात घर करून राहिले.

पुढे या विषयात शिरलो तेव्हा कळले की माउंटन बाइकचा जन्मच मुळी मडगार्ड काढून टाकण्यातून झाला. १९७० च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, काही तरुण १९३० आणि ४० च्या काळातल्या फुगीर टायरांच्या जुन्या श्विन सायकली घेऊन डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांवरून खाली येत असत. वजन कमी व्हावे म्हणून त्यांनी मडगार्ड, साखळीची झाकणे असे सारे काढून टाकले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्सजवळच्या उतारावर त्यांची 'रीपॅक' नावाची पहिली शर्यत झाली. १९७७ मध्ये जो ब्रीझ याने खास या कामासाठी नवी सायकल घडवली, आणि १९७९ मध्ये गॅरी फिशर व चार्ली केली यांनी अशा सायकली विकण्यासाठी 'माउंटनबाइक्स' या नावाने धंदा सुरू केला. त्या प्रदेशात मे ते सप्टेंबर पाऊस जवळजवळ पडत नाही. वाटेवर असते ती धूळ. धुळीला मडगार्ड कशाला? तेथे ती वजाबाकी संपूर्ण योग्य होती.

अडचण पुढे झाली. एका कोरड्या मुलखातली ती सोय जगभर देखणेपणाची खूण ठरली. सायकल ब्रिटनच्या ओल्या टेकड्यांवर गेली, चार महिने पावसात भिजणाऱ्या सह्याद्रीत आली; तिचे रूप सोबत आले आणि हवामान मागे राहिले. दुकानात मडगार्डाला नकार देताना आम्ही स्वतःच्या अभिरुचीने बोलत आहोत असे आम्हांला वाटत होते. वस्तुतः आमच्या तोंडून मरीन काउंटीचा उन्हाळा बोलत होता. वाङ्मयातही परक्या हवेतल्या रीती आपण अशाच उचलतो आणि काही दिवसांनी त्यांनाच सौंदर्याचे नियम म्हणू लागतो, हे साहित्याच्या अभ्यासकांना निराळे सांगायला नको.

तेव्हा मडगार्ड निवडायचे कसे? पाणी चाकावरून कसे सुटते ते एकदा नीट पाहिले की निम्मा निर्णय झाल्यासारखाच असतो. टायरने जमिनीवरून उचललेले पाणी चाकाच्या मागच्या अंगाने वर चढते आणि जेथे सुटेल तेथून स्पर्शरेषेच्या दिशेने उडते. खाली सुटलेले थेंब मागे जातात, आसाच्या उंचीवर सुटलेले सरळ वर जातात, त्याहून वर सुटलेले वर आणि पुढे जातात. मागच्या चाकाचे हे शेवटचे थेंब आपल्या पाठीवर येतात. पुढच्या चाकाचे थेंब समोर हवेत उडतात आणि आपण वेगाने त्यांच्यात शिरतो. डोळ्यांत चिखल जातो तो असा. पुढच्याच चाकावरून खाली सुटलेले थेंब पायांवर आणि साखळीवर येतात. १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये गाजलेला 'क्रड कॅचर' फ्रेमच्या खालच्या तिरप्या दांड्याला बांधला जाई. पुढच्या चाकाचे पाणी तेथे अडत असे, मागच्या चाकाशी त्याला कर्तव्य नव्हते. म्हणजे 'चांगले मडगार्ड कोणते' असे मोघम विचारून भागत नाही. कोणते पाणी अडवायचे आहे ते आधी ठरवावे लागते.

दुसरी गोष्ट स्प्रिंगची. मडगार्ड चाकासोबत हलणाऱ्या भागाला जोडलेले असावे. पुढच्या चिमट्याचे खालचे दोन पाय आणि त्यांना जोडणारी कमान चाकाबरोबरच वरखाली होतात. म्हणून त्या कमानीला केबल टायने बांधलेला प्लॅस्टिकचा पातळ तुकडा कितीही खड्ड्यांतून गेले तरी टायरपासून तेवढ्याच अंतरावर राहतो. असा तुकडा जुन्या फायलीच्या प्लॅस्टिकच्या कव्हरातून घरी कापता येतो, हे प्राध्यापकवर्गाने विशेष ध्यानात घ्यावे. मात्र कमानीपाशीच संपणारा अगदी आखूड तुकडा चिमट्याच्या सीलचे रक्षण करतो, डोळ्यांचे नाही. तो पुढे आणि मागे थोडा लांबलेला हवा. २०२० च्या सुमारास फॉक्स, रॉकशॉक्स यांसारख्या कंपन्या चिमट्याच्या कमानीतच स्क्रूसाठी भोके देऊ लागल्या; तेथे बसवलेले मडगार्ड नंतर चिकटवल्यासारखे दिसत नाही. मागच्या बाजूला सीटच्या दांड्याला अडकवायचे मडगार्ड काढायला-घालायला सोपे, पण ते चाकापासून दूर हवेत तरंगते, डुलते आणि हळूहळू एका बाजूला फिरते. सायकलला मागेही स्प्रिंग असेल तर त्याचे आणि चाकाचे अंतर प्रत्येक दणक्याला बदलते. याउलट मागच्या आसाकडून सीटखाली चढणाऱ्या दोन दांड्यांना बांधलेले मडगार्ड (ब्रिटनमधले 'मडहगर' या जातीचे) चाकाला धरून राहते. बांधण्यापूर्वी दांड्यांवर पारदर्शक चिकटपट्टी लावावी, नाहीतर मध्ये अडकलेली वाळू रंग खरवडते. केबल टायची शेपटे मुळाशी कापावीत.

रूपाचा प्रश्न येतो तो नेमका येथे. मडगार्ड देखणे दिसते ते त्याच्या रंगामुळे नव्हे. त्याचा बाक चाकाच्या बाकाशी समकेंद्री असेल, दोहोंमधली फट सर्वत्र सारखी असेल, तर नजर त्यावरून न अडखळता फिरते. सव्वीस इंची चाकासाठी केलेले मडगार्ड एकोणतीस इंची चाकावर लावले की ते कुबड काढल्यासारखे दिसते. आणि ते नीट कामही करीत नाही, कारण फट जेथे अरुंद होते तेथे चिखल अडतो आणि जेथे रुंदावते तेथून पाणी निसटते. डोळ्याला जे खटकते आणि वापरात जे नडते ते येथे एकच आहे. फट किती असावी, हे मात्र माती ठरवते. डांबरी रस्त्यावर बोटभर पुरते. डोंगरात खडे आणि पाने मिसळलेल्या चिखलासाठी दोन-तीन बोटे तरी हवीत. काळ्या मातीत तीही पुरत नाहीत आणि त्या विद्यार्थ्याच्या गावाचा निर्णयच शहाणपणाचा ठरतो.

एवढे सारे कळण्यापूर्वी, शर्टाच्या त्या फजितीनंतर, आम्ही घाईने एक मडगार्ड घेतले होते: आखूड, टोकदार, सीटच्या दांड्यावरून मागे झेपावणारे. पाठ कोरडी राहू लागली आणि सायकलही चपळ दिसे. पुढच्याच ऑगस्टमध्ये मावळातल्या एका उतारावर आमचे सहकारी आमच्या मागे दहा-बारा फुटांवर होते. आमच्या मागच्या चाकाने उडवलेला चिखल त्यांच्या डोळ्यांत गेला, त्यांनी ब्रेक दाबला आणि ते पडले. मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे हात प्लॅस्टरमध्ये होता. 'मीच फार जवळून येत होतो,' एवढेच ते म्हणाले, आणि ते अगदीच खोटे नव्हते. पण घरी आल्यावर आम्ही सायकलच्या मागे उकिडवे बसून त्यांच्या बाजूने तिच्याकडे पाहिले. चाकाचा खालचा अर्धा भाग मागच्या माणसाकडे तोंड करून पूर्ण उघडा होता. त्या मडगार्डाने आमची पाठ राखली होती आणि उरलेला चिखल सरळ मागे पाठवला होता. आम्ही इतके दिवस त्याला बाजूने पाहत आलो होतो, कारण दुकानातल्या चित्रात सायकल नेहमी बाजूनेच दिसते.

त्यानंतर दूधवाल्याच्या सायकलकडे आम्ही नव्याने पाहिले. तिचे मागचे मडगार्ड आसाच्याही खाली उतरते. त्याच्या शेवटाला पांढरा रंग असतो आणि त्यात तांबडी काच. यांतले काहीही सायकलस्वाराला स्वतःला दिसत नाही. ते मागून येणाऱ्यासाठी आहे. ब्रिटनमधल्या सायकल क्लबांत हिवाळ्यात लांब मडगार्ड लावणे हा शिष्टाचार मानला जातो आणि ज्याला ते नसेल त्याने रांगेत शेवटी राहावे अशी अपेक्षा असते. डोंगरात इतके खाली उतरणारे मडगार्ड चालत नाही, ते दगडांवर आपटते. म्हणून आम्ही आसाच्या उंचीच्या जवळपास येणारे, टायरपेक्षा दोन्ही बाजूंना थोडे रुंद असे मडगार्ड घेतले, आणि उतारावर अंतर ठेवायचे असे आपसांत ठरवले.

हे नवे मडगार्ड आम्हांला प्रथम जड आणि बोजड वाटले, हे कबूल केले पाहिजे. उपयुक्त ते आपोआप सुंदर होते असे आमचे म्हणणे नाही. उत्तम काम करणारी आणि तरीही केविलवाणी दिसणारी मडगार्डे आम्ही पाहिली आहेत. पण दोन पावसाळे गेल्यावर तेच मडगार्ड आमच्या डोळ्यांना नीटस वाटू लागले आणि जुने, आखूड मडगार्ड उद्धट. यावर कोणी म्हणेल की ही निव्वळ सवय आहे, किंवा अपराधी मनाची समजूत, आणि सौंदर्याच्या निर्णयात तिला जागा नाही. आम्हांला तसे वाटत नाही. जुने मडगार्ड आम्हांला सुंदर वाटले तेव्हा आम्ही त्याचा अर्धाच भाग पाहिला होता. उरलेला अर्धा पाहिल्यावर मत बदलले, तर त्याला रुचीचा ऱ्हास कसा म्हणावा?

कमरेचा पट्टा गळ्यात आणि गळ्यातला हार कमरेला घातला तर हसेच होते, असे क्षेमेंद्र सांगतो. आम्ही हे उदाहरण स्थानापुरते शिकवीत असू: अलंकार योग्य जागी हवा, एवढेच. आता आम्ही विद्यार्थ्यांना आणखी दोन प्रश्न विचारायला सांगतो. हे कोणत्या मातीत योग्य ठरले होते? आणि याच्या मागे कोण येत आहे? कवितेतली प्रतिमा असो, समीक्षेतली परिभाषा असो, लिहिणाऱ्याची पाठ कोरडी ठेवून वाचणाऱ्याच्या डोळ्यांत चिखल उडवणारे लेखन आपण पुष्कळ पाहतो आणि बाजूने पाहिले तर ते डौलदारही दिसते. कलावाद आणि जीवनवाद यांच्या समन्वयाचे ते ठरीव वाक्य आम्ही आता उत्तरपत्रिकेत स्वीकारीत नाही. समन्वय करायला आधी दोन वेगळ्या गोष्टी असाव्या लागतात. चाक आणि मडगार्ड यांच्यामधली फट एकच असते.

सहकाऱ्यांचा हात आता बरा आहे, थंडीत थोडा ठणकतो. पावसाळ्यात आम्ही पुन्हा बरोबर जातो. ज्या वाचकांना मडगार्ड घ्यायचे असेल त्यांनी दुकानात सायकल बाजूने पाहून झाल्यावर एकदा तिच्या मागे उकिडवे बसून पाहावे, एवढीच आमची शिफारस आहे.