खापर एकट्या अर्शिनवर का?

संपादक महोदय,

‘नवख्यांना बाद फेरी झेपत नाही’ हे ठसवताना आपल्या लेखकाने सोलापूरच्या अर्शिन कुलकर्णीच्या ३ धावा तेवढ्या मोजल्या. २०२४च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या बेनोनीत झालेल्या त्या अंतिम सामन्यात एकाही भारतीयाचे अर्धशतक झाले नाही. २५४चे लक्ष्य असताना अख्खा संघ १७४वर आटोपला. पाचच दिवस आधी, त्याच बेनोनीत, उपांत्य सामन्यात ४ बाद ३२ अशी दाणादाण उडाली असताना बीडच्या सचिन धसने ९६ धावा काढल्या. तो काय मुरलेला होता? अमेरिकन फुटबॉलमधला पेटन मॅनिंग तर पहिले तीन प्लेऑफ, म्हणजे बाद फेरीचे, सामने हरला आणि पुढे सुपर बोल हा अंतिम सामना दोनदा जिंकला. अर्शिनने त्याच विश्वचषकात अमेरिकेविरुद्ध केलेले शतक लेखात का नाही?

– एक वाचक, सोलापूर